आत्याचं पातेलं चुंबकाला चिकटतं

ज्या घरात दहा-बारा वर्षांचं मूल आहे, त्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल नसतात. भिंतीवरचं घड्याळ कधीतरी पावणेचारला थांबलेलं असतं आणि त्याचाही सेल गेलेला असतो. ‘गेलेला’ म्हणजे संपलेला नव्हे, उचललेला. विजेरी उघडून पाहावी तर आतली स्प्रिंगसुद्धा जागेवर नसते. अशा घरात चोर शिरलेला नसतो, विज्ञान शिरलेलं असतं.

विज्ञान घरात शिरण्याचे मोसम ठरलेले आहेत. एक उन्हाळ्याची सुट्टी आणि दुसरा फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लावलेल्या शोधाच्या स्मरणार्थ १९८७ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. म्हणजे शाळा साजरा करते आणि पालक २७ तारखेच्या रात्री थर्माकोल कुठे मिळेल ते शोधत फिरतात. “उद्या प्रयोग न्यायचाय,” ही बातमी रात्री साडेनऊनंतरच फुटते. त्या वेळी घरात हाताशी असतं ते एक चुंबक, थोडी तार आणि सेल नसलेला रिमोट.

पूर्वी चुंबक मिळवण्याचा राजमार्ग एकच होता, फाटका स्पीकर. गणेशोत्सवात दहा दिवस आरत्या आणि उरलेला वेळ बाकीची गाणी सोसून मंडळाचा एखादा तरी स्पीकर विसर्जनापर्यंत राम म्हणायचाच. त्याचा कागदी कोन फाडून मागचा पत्रा उचकटला की आत एक काळंकभिन्न गोल कडं असायचं. ते फेराइटचं, म्हणजे भट्टीत भाजून काढलेलं असल्यामुळे हातातून पडलं की फुटायचं. गंमत पुढेच असते. फुटलेले तुकडे पुन्हा जागच्या जागी जोडायला जा, ते एकमेकांना ढकलतात. अख्खे होते तोवर मुकाट नांदत होते. वेगळे झाल्यावर कळतं की दोघांचेही सारखे ध्रुव एकाच बाजूला आहेत आणि सारख्यांचं पटत नाही. आठवीतला नियम सहावीतच पाठ व्हायचा.

चुंबक हातात आलं की मूल पहिलं काम करतं ते घराच्या झडतीचं. दार, खिडकीचे गज, कपाट, आजीची काठी, बाबांच्या चष्म्याची दांडी. आणि मग ते स्वयंपाकघरात शिरतं. खरा धोका तिथे आहे.

मराठी घरातलं स्टीलचं भांडं कधीच निनावी नसतं. त्याच्या पोटावर बारीक टिंबाटिंबांनी देणाऱ्याचं नाव, निमित्त आणि तारीख कोरलेली असते. त्यामुळे चुंबकाची परीक्षा भांड्याची न राहता नातेवाइकांची होते.

“बाबा, आत्याचं पातेलं चिकटलं!”

“हळू बोल.”

“आणि मामाची कढई नाही चिकटली!”

“मी काही म्हटलं का?” स्वयंपाकघरातून आवाज येतो. काहीही न म्हणता वाद जिंकायची ही रीत भौतिकशास्त्रात अजून कुणाला मांडता आलेली नाही.

याचं कारण म्हणजे भांड्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं चालत आलेला एक समज. चुंबक चिकटलं की स्टील खोटं, नाही चिकटलं की अस्सल. ही अर्धवट माहिती आहे. ज्याला बाजारात ३०४ नंबरचं म्हणतात, त्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे आतल्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबकाला ते ओळख दाखवत नाही. ४३० नंबरच्या स्टीलमध्ये निकेल जवळजवळ नसतंच, ते चुंबकाला चटकन चिकटतं. पण तेही स्टेनलेसच. उलट निकेलऐवजी मँगनीज घालून केलेलं स्वस्तातलं स्टीलसुद्धा चुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते ३०४ होत नाही. तेव्हा चुंबक दाखवून भांड्याची जात कळत असली तरी देणाऱ्याची दानत कळत नाही. हे मी घरात नीट समजावून सांगितलं. “तुझ्या बहिणीचं पातेलं आहे, तू सांगणारच,” असा निकाल लागला.

पुढे इंडक्शनची शेगडी आली आणि सगळा डाव फिरला. त्या शेगडीवर तेच भांडं तापतं ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतं. मामाची अस्सल कढई तिच्यावर थंडगार बसून राहिली आणि आत्याच्या पातेल्यात चहा उकळला. आत्याला ही बातमी फोनवरून त्याच दिवशी पोचली.

या बाबतीत गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याचं भौतिकशास्त्र आपल्यापेक्षा पक्कं. तो नावगाव न वाचता खिशातलं चुंबक लावतो. पितळेची म्हणून जपलेली समई टक्कन चिकटली की तो काही बोलत नाही, नुसतं आपल्याकडे पाहतो आणि लोखंडाचा भाव सांगतो. नदीच्या पुलावरून दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडणारी पोरंही याच घराण्यातली. भाविकांनी टाकलेली स्टीलची रुपया-दोन रुपयांची नाणी वर येतात. पाच रुपयांचं पितळी नाणं मात्र तळाशीच राहतं. देवाच्या वाट्याला नक्की काय येतं ते असं धातुशास्त्र ठरवतं.

स्वयंपाकघरातून बाहेर पडण्याआधी लसणाचं सांगितलंच पाहिजे. लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते, असं युरोपातले विद्वान शेकडो वर्षं मानत होते. एकमेकांच्या ग्रंथांतून उतरवून घेत होते आणि करून कुणी पाहत नव्हतं. नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता या गृहस्थाने अखेर खलाशांना विचारलं की होकायंत्राजवळ जायचं म्हणून तुम्ही लसूण खात नाही का? खलाशी म्हणाले, जीव गेला तरी चालेल, कांदा-लसूण सोडणार नाही. मग या पठ्ठ्याने स्वतः लसूण खाल्ला, चुंबकावर ढेकर दिले, वर लसणाचा रसही चोपडला. चुंबक ढिम्म. १५८९ साली त्याने हे छापून टाकलं. प्रयोगशाळा, अनुदान, समिती यांपैकी काहीही न लागता एका समजुतीचा निकाल लागला. आपल्याकडे तर लसूण, चुंबक आणि ढेकर तिन्ही घरातच उपलब्ध आहेत.

स्वयंपाकघरातून हाकललेलं मूल अंगणात जातं. कुठे बांधकाम चालू असेल तर वाळूच्या ढिगात चुंबक फिरवतं आणि त्याला काळी मिशी फुटते. हा काळा कीस बहुतेक करून मॅग्नेटाइटचा. आपला बहुतेक सह्याद्री लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाचा आणि त्या पाषाणात हे खनिज भरपूर. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होत होता, तेव्हा त्यातल्या चुंबकीय कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवली. ती बहुतेक ठिकाणी आजच्या उलटी आहे. त्या काळी कुणाकडे होकायंत्र असतं तर त्याच्या सुईचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. म्हणजे खिडकीतून दिसणारा डोंगर एक नोंदवहीच निघाला, आणि आपण तिथे फक्त कांदाभजी खायला जातो.

पृथ्वीचं हे क्षेत्र मोजायचं तर आजूबाजूला शांतता लागते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही मोजणी चालू होती. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथे झाली आणि जगभरचे शास्त्रज्ञ अजून ती नोंद उघडून बसतात. मग मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. वीज वाहिली की भोवती चुंबकत्व आलंच, आणि सुया भरकटणार. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलली. इमारतीसाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड आणवला. वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली, विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. मुंबईत एखादी वाहतूक योजना येण्याआधीच तिचा बंदोबस्त पुरा झाला, असा प्रसंग त्यानंतर घडल्याचं ऐकिवात नाही. ती ट्रामही १९६४ मध्ये इतिहासजमा झाली. अलिबागची मोजणी चालू आहे.

आमच्या घरात अलिबागचं काम जेवणाच्या टेबलावर चालतं. “बाबा, तुझा मोबाईल लांब ठेव, सुई हलते,” असा हुकूम सुटतो. मोबाईलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतंच, त्यामुळे सुई खरोखर हलते. मोबाईल दूर ठेवायचं याहून शास्त्रीय कारण आजवर कुणी दिलं नव्हतं.

चुंबकानंतर विजेची पाळी. पाठ्यपुस्तकांची सुरुवात ठरलेली असते. कंगवा केसांवर घासा, कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे उडून चिकटतील. हे लिहिणाऱ्याने जुलैमधली मुंबई पाहिली नसावी. दमट हवेत कंगव्यावर जमलेला विद्युतभार पाण्याच्या अदृश्य थरावरून हळूच निसटतो. त्यात डोक्याला खोबरेल तेल चापून बसवलेलं. कंगवा कितीही घासा, कपटे जागचे हलत नाहीत, फक्त तेलकट होतात. कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी हा प्रयोग थेट उत्तरपत्रिकेतच केला आणि पूर्ण गुण मिळवले. जानेवारीतल्या नाशिकला, केस धुतल्यावर, हाच प्रयोग इतका छान होतो की स्वेटर काढताना अंधारात ठिणग्याही दिसतात.

मग येतं लिंबू. जस्ताचा मुलामा दिलेला खिळा एका बाजूने खुपसायचा, तांब्याचं काहीतरी दुसऱ्या बाजूने. एका लिंबाचा जवळपास ०.९ व्होल्ट दाब मिळतो. तांबडा एलईडी पेटायला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात, म्हणून तीन-चार लिंबं माळेने जोडायची. तांबं घरात कुठे असतं? देवघरात. आचमनाची पळी लिंबात उभी राहते.

चार लिंबं, त्यांत खिळे, लाल-काळ्या तारा आणि हे सगळं उजेडासाठी खिडकीच्या कट्ट्यावर मांडलेलं. शेजारच्या काकू गॅलरीतून कपडे वाळत घालता घालता थबकतात. हातातली उशीची खोळ पिळायची राहून जाते.

“अहो, तुमच्याकडे सगळं बरं आहे ना?”

“हो, का?”

“नाही, आज अमावास्या आहे, म्हणून विचारलं.”

काकूंना घरात बोलावून, पडदा ओढून, एलईडीचा मिणमिणता लाल ठिपका दाखवावा लागला. तो पाहून त्यांचा संशय अधिकच बळावला.

आजींचं दुःख वेगळं होतं. “माझी पळी!” म्हणत त्यांनी ती उपसून काढली, तर जेवढी लिंबात होती तेवढी लखलखीत. आंबट रसाने तांब्यावरची पुटं धुऊन निघतात, हे त्यांना आमच्याआधीपासून ठाऊक. प्रयोगातलं शास्त्रही असं आहे की तांब्याचं काही जात नाही. झिजतं ते जस्त, आणि ऊर्जाही त्यातूनच येते. लिंबाचा रस फक्त मधे बसून देवाणघेवाण घडवतो. श्रम जस्ताचे आणि नाव लिंबाचं, अशी ही व्यवस्था घराघरांत कुणाला ना कुणाला ओळखीची वाटेल. विरघळलेलं जस्त रसात उतरलेलं असतं, म्हणून त्या लिंबांचं सरबत करायचं नाही. हे आजींना पटवणं विद्युतशास्त्रातला सर्वांत अवघड भाग होता. लिंबं टाकून देणं त्यांच्या कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

“याच्यावर पंखा चालेल?” कन्येने विचारलं. हिशेब केला. एका लिंबामागे अर्धा मिलिवॅट धरला, तर ७५ वॅटच्या पंख्याला दीड लाख लिंबं लागतील.

“किती लोणचं झालं असतं!” आजी म्हणाल्या.

अलेस्सांद्रो व्होल्टाने १८०० साली जस्ताच्या आणि दुसऱ्या धातूच्या चकत्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यांसह एकावर एक रचून पहिली बॅटरी केली, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये नेपोलियनला ती दाखवून सुवर्णपदक मिळवलं. त्याच्या घरच्या पळ्यांबद्दल इतिहास गप्प आहे.

इथे थट्टा बाजूला ठेवून दोन गोष्टी. घरातले सगळे प्रयोग सेलवर करायचे. भिंतीतल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात आणि तो प्लग म्हणजे सेलचा मोठा भाऊ नव्हे. त्याच्याशी ओळख वायरमननेच ठेवावी. दुसरं, ती चकचकीत, छोटी, जबरदस्त निओडिमियम चुंबकं लहान भावंडांच्या हाती लागू द्यायची नाहीत. दोन पोटात गेली तर आतड्यांच्या पापुद्र्यांमधून एकमेकांना खेचतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. या बाबतीत कुठलीही आजी जितकी ओरडेल तितकं कमीच.

आता मुख्य कार्यक्रम, मोटर.

वीज आणि चुंबक यांचं नातं १८२० मध्ये कोपनहेगनला भर वर्गात उघडं पडलं. प्राध्यापक ओर्स्टेड यांनी तारेतून वीज सोडली आणि शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. समोरच्या मंडळींवर फारसा परिणाम झाला नाही, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. वर्गाचा हा प्रतिसाद जगभर सारखाच असावा. पुढच्या वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरडेने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती गरगर फिरवून दाखवली. जूनमध्ये त्याचं लग्न झालं होतं आणि सप्टेंबरमध्ये ही तार फिरली. नव्या नवरीने या तीन महिन्यांबद्दल काय म्हटलं ते विज्ञानाच्या पुस्तकांत सापडत नाही. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला हा माणूस पुढे नाताळात मुलांसाठी प्रयोगांची व्याख्यानं देऊ लागला, ती १८२७ ते १८६० च्या दरम्यान एकोणीस वेळा.

आपल्याकडे ही मोटर घरोघरी पोचवण्याचं श्रेय अरविंद गुप्ता यांचं. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर ट्रक बनवायचं सोडून काडेपेट्या, सायकलच्या ट्यूबा आणि स्ट्रॉ यांच्यापासून खेळणी करू लागला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांना हेच शिकवलं. पुलंच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’. हसवणाऱ्याच्या नावाच्या घरात मुलांनी मोटर फिरवावी, हे फारच नीट जुळलं.

सामान असं. एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची एक पट्टी, स्पीकरमधलं चुंबक आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी इनॅमल चढवलेली तांब्याची तार. तारेचे दहा-बारा वेढे घालून वेटोळं करायचं, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढायची. सेलच्या दोन्ही तोंडांना पिना लावून वरून ट्यूबची पट्टी ताणून बसवायची, चुंबक सेलच्या पाठीवर ठेवायचं आणि पिनांच्या डोळ्यांतून वेटोळं झुलत सोडायचं.

सगळी मेख टोकं खरवडण्यात आहे. एक टोक ब्लेडने सर्व बाजूंनी खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. उत्साही माणूस दोन्ही टोकं चकाचक करतो आणि वेटोळं जागीच थरथरत राहतं. कारण वीज सतत वाहिली की चुंबक वेटोळ्याला अर्धा फेरा पुढे ढकलतं आणि पुढच्या अर्ध्यात मागे ओढतं. अर्धं इनॅमल ठेवलं तर त्या अर्ध्या फेऱ्यात वीजच बंद होते आणि वेटोळं मिळालेल्या वेगावर स्वतःच पुढे जातं. मोटर फिरते ती सतत ढकलल्यामुळे नव्हे, वेळेवर हात काढून घेतल्यामुळे.

घरातल्या विज्ञानाचं बहुतेक अपयश इथेच आहे. मुलाचं वेटोळं थरथरायला लागलं की बापाचे हात शिवशिवतात आणि तोंडातून दोन शब्द बाहेर पडतात, “दे इकडे.” या दोन शब्दांइतका भक्कम विद्युतरोधक मराठी घरात दुसरा नाही. त्यानंतर बाप खाली बसतो, मूल उभं राहून बघतं, आई दोघांचे फोटो काढते आणि २८ फेब्रुवारीला शाळेत बापाची मोटर मुलाच्या नावाने फिरते. मूल पाठ केलेला निष्कर्ष परीक्षकांना ऐकवतं. परीक्षकही कुणाचे तरी बाप असतात, त्यामुळे तेही ओळखतात आणि मान डोलावतात.

पुस्तकातल्या प्रयोगाचा निष्कर्ष आधीच छापलेला असतो. घरातला प्रयोग फसतो, आणि का फसला हे शोधताना मुलाला जे कळतं ते कुठल्याच पानावर नसतं. तेल लागलेला कंगवा, दोन्हीकडून खरवडलेली तार आणि अर्ध्या मिलिवॅटचं लिंबू यांनी जेवढं शिकवलं, तेवढं पहिल्या फटक्यात फिरलेल्या मोटरने शिकवलं नसतं.

तेव्हा येत्या सुट्टीत वाइंडिंगच्या दुकानातून शंभर ग्रॅम तार आणा. सेफ्टी पिना घरात असतातच. सगळं सामान टेबलावर ठेवा, ब्लेड कसं धरायचं ते एकदा दाखवा आणि समोर बसा. बोलायचं मात्र काहीच नाही. मोटर फिरली नाही तरी नाही, आणि फिरली तर फोटो काढायचा तो मोटरचा, आपला नव्हे.